रात्रीचे पाय

शेजारच्या गावची जत्रा होती. पालखीच्या प्रदक्षिणा झाल्या, ओट्या भरून झाल्या, मध्यरात्र उलटली आणि देवळासमोर दशावतार उभा राहिला. संकासुराने पोरांना हसवलं, मग आख्यान लागलं, पखवाज तापला, पायपेटीचा सूर चढला. बायकांच्या बाजूला आम्ही चटया टाकून दाटीवाटीने बसलो होतो. मार्गशीर्षातली थंडी, अंगाभोवती चादरी, कुणाच्या मांडीवर झोपलेलं पोर, खाज्याच्या गुळाचा नि आल्याचा वास. माझ्या पुढच्या ओळीत पन्नाशीची एक बाई होती. ती आधी मांडी घालून बसली, मग पाय लांब केले, मग गुडघे उभे घेऊन दोन्ही पोटऱ्या मुठींनी दाबत राहिली आणि शेवटी उठून देवळाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. तिथेही तिला चैन नव्हतं. एका पायाच्या तळव्याने दुसरी पोटरी घासणं चालू होतं. जरा वेळाने परत येऊन बसली, पुन्हा तेच. असं बऱ्याचदा झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "गो, एका जागी बस मगे, नायतर घराक जा." दोघीचौघी हसल्या. ती खाली मान घालून थोडा वेळ बसली आणि मग चपला पायांत अडकवून निघूनच गेली. समोर राजा आणि राक्षस यांची जुगलबंदी रंगात आली होती. मला त्यातलं काही ऐकू येईना, कारण तोवर माझी उजवी पोटरी जागी झाली होती.

मी तिच्या मागोमाग बाहेर आले. ती चहाच्या टपरीच्या मागे, जिथे उजेड कमी होता तिथे, येरझाऱ्या घालत होती. मी जवळ जाऊन एवढंच विचारलं, "रातचे पाय बसाक देणत नाय?" तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. आणि तिचं पहिलं वाक्य हे होतं: "मी सोंग करणंय नाय गो. खरा सांगतंय."

मी तसं काही म्हटलंच नव्हतं.

ते उत्तर तिच्याकडे तयार होतं. कुणीही पायांचा विषय काढला की आधी तेच बाहेर येत असणार, इतकं ते वापरून गुळगुळीत झालेलं होतं. जत्रेहून परत आल्यावर मला त्या आख्यानाचं नावसुद्धा आठवेना, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

डॉक्टरांच्या भाषेत याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. यात पाय दुखतातच असं नाही, म्हणून तर सांगणं अवघड. भाताच्या चोंढ्यात गुडघाभर चिखलात उभं असताना काहीतरी पोटरीला चाटून सरकतं, तसंच काहीसं, पण कातडीच्या आतून. आणि त्याबरोबर येते ती पाय हलवण्याची निकड. ती दाबता येत नाही. हलवले, चाललं, की लगेच बरं वाटतं. थांबलं की पुन्हा सुरू. दिवसा नारळ सोला, पाणी ओढा, बाजार करा, काही त्रास नाही. दिवेलागणीनंतर अंग टेकायची वेळ झाली की हे उठतं. झोप लागली तरी बहुतेकांचे पाय झोपेतही झटके देत राहतात, म्हणजे शेजारी झोपणाऱ्याचीही रात्र जाते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला नेमक्या विश्रांतीच्या वेळी शिक्षा देणारं हे दुखणं आहे आणि सकाळी डॉक्टरकडे जावं तर दाखवायला काहीच उरलेलं नसतं. सूज नाही, लाली नाही, एक्स-रेमध्ये काही नाही.

माझ्या लहानपणातले रात्रीचे आवाज मला नीट आठवतात. समुद्राची गाज, माडाच्या झापांची सळसळ, गोठ्यातल्या म्हशीचं फुरफुरणं, आणि खळ्यात चालणारे आईचे पाय. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलांचा एक मऊ, कोरडा आवाज होतो. खळ्याच्या पेळेपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून पेळेपर्यंत. मी पडवीत यायचे तर म्हणायची, "झोप तू. माझे पाय गप ऱ्हवणत नाय." कधी ती विहिरीचं गार पाणी काढून पायांवर ओतायची. कधी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पोटऱ्यांना आवळून बांधायची. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की पोटरीवर दाब, मालीश, गार किंवा गरम पाणी, हलका व्यायाम हे सगळं आजचे डॉक्टरही सुचवतात. तिने ते कुणाला न विचारता, रात्रीच्या रात्री चाचपडत शोधून काढलं होतं. पण त्याने मिळतो तो तेवढ्यापुरता उतारा. पट्टी सुटली की पाय पुन्हा जागे.

आजी म्हणायची, "पाय हलवू नको गो, लक्ष्मी जाता." बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या सगळ्याच पोरांनी कोकणात हे ऐकलंय. आईच्या बाबतीत मात्र ते बोलणं फार खोल लागायचं, कारण घरात पैसा खरोखरच टिकत नव्हता. त्याचाही दोष मग तिच्या पायांकडे गेला. बाबा प्रेमाने तेल चोळून द्यायचे. वैद्यांनी वाताचं म्हणून नारायण तेल दिलं, दवाखान्यातून कॅल्शियम आलं, कुणी नस दाबली गेलीय म्हणालं, कुणी चिंता फार करतेस म्हणालं. शेवटी शेवटी झोपेची गोळी आली. त्या गोळीने आईला गुंगी यायची आणि पाय तरीही उठवायचे, मग ती गुंगीतच चालायची. एकदा खळ्यातल्या दगडाला अडखळून पडली तेव्हा ती गोळी बंद झाली. तिची चार बाळंतपणं झाली होती. दिवसभर कोरा चहा प्यायची, जेवणाच्या आधीही आणि जेवल्यावर लगेचही. भात लावणीला, काजूच्या बागेत कायम अनवाणी. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या. हे चारही धागे सगळ्या गावाला दिसत होते. ते पायांशी नेऊन जोडणारं कुणी भेटलं नाही.

ती गेली तेव्हा तिच्या दुखण्याला नाव नव्हतं.

मला माझ्या दुसऱ्या बाळंतपणात हे सुरू झालं, थांबलं, आणि चाळिशीनंतर परत आलं. या आजारात आनुवंशिकता मोठी असते. तरुणपणी सुरू झालेला असेल तर घरात आणखी कुणाला तरी असण्याची शक्यता जास्त. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो साधारण दुपटीने आढळतो आणि त्यात गरोदरपणांचा वाटा आहे. हे मला कुडाळच्या एका तरुण डॉक्टरने सांगितलं. त्याने मला तपासण्याआधी काही साधे प्रश्न विचारले होते. पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर, पडल्यावर वाढतं का? चाललं की कमी होतं का? संध्याकाळनंतर जास्त का? चारही उत्तरं हो आली. मग त्याने दुसऱ्या बाजूने विचारलं. पोटरीत गोळा येऊन स्नायू दगडासारखा घट्ट होतो का? तसं होत असेल तर ते पेटके, आणि त्याचं कारण वेगळं. तळव्यांची आग दिवसरात्र होते का, चालूनही कमी होत नाही का? तसं असेल तर मधुमेहातल्या नसांचा विचार करायचा. या निदानाला मशीन लागत नाही. समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. मी बोलत होते आणि तो ऐकत होता, आणि त्या खुर्चीत बसून मला आईची इतकी आठवण आली की पुढचे दोन प्रश्न त्याला पुन्हा विचारावे लागले.

त्याने लिहून दिली ती तपासणी होती फेरिटिन. शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज देणारी. मी म्हटलं, माझं हिमोग्लोबिन तर बारावर आहे. तो म्हणाला, हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी घसरतं, कोठार त्याआधीच रिकामं झालेलं असतं. नमुना सकाळी द्यायचा, आदल्या दिवशी लोहाची गोळी घ्यायची नाही, आणि अंगात ताप किंवा कुठे सूज असेल तर थांबायचं, कारण तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते. माझं फेरिटिन आलं १९. आणि त्या रिपोर्टवर त्या आकड्यापुढे कसलीही खूण नव्हती! प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बायकांसाठी १९ बसत होतं. इथे मला वाचणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून थांबवावंसं वाटतं. अस्वस्थ पायांच्या माणसासाठी ती छापील मर्यादा उपयोगाची नाही. या आजारात प्रौढ माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यावं असं आज तज्ज्ञ सांगतात. 'सगळं नॉर्मल आहे' हे शब्द ऐकून घरी परत गेलेल्या किती बायकांच्या फायलीत असा एखादा वीसच्या आसपासचा आकडा पडून असेल, हा विचार मला छळतो.

लोहाचा आणि पायांचा संबंध काय, हे मला समजून घ्यायचंच होतं. त्रास जाणवतो पोटरीत, पण बिघाड पोटरीत नाही. तो मेंदूत आहे. मेंदूत डोपामिन हे हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन तयार होताना जे एन्झाइम लागतं, त्याला काम करायला लोह हवं. अमेरिकेत २००० साली एका अभ्यासात या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर रक्तात लोह ठीक असूनही त्या पाण्यात फेरिटिन कमी निघालं. म्हणजे रक्तात असलेलं लोहही मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. मग रक्तातच तुटवडा असेल तर मेंदूच्या वाट्याला काय येणार? डोपामिनचा प्रभाव रात्री उतरतो, म्हणून हे दुखणंही रात्रीचं. हे वाचलं त्या दिवशी मी एकटीच घरात होते आणि मला मोठ्याने रडू आलं. 'चिंता करतेस म्हणून होतं' असं जिला आयुष्यभर सांगितलं गेलं, तिच्या मेंदूला लोह मिळत नव्हतं.

याचा इतिहासही विलक्षण आहे. १६७२ मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने असे रोगी पाहून लिहून ठेवलं की अंथरुणावर पडताच यांच्या हातापायांत अशी खळबळ उठते की छळाच्या जागी ठेवलेल्या माणसाइतकीच यांना झोप मिळते. त्यानंतर कितीतरी काळ कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी याचं सविस्तर वर्णन केलं आणि लोहाची कमतरता, गरोदरपण यांच्याशी याचं नातं दिसतंय हे त्यांच्या लक्षात आलं. तिथल्याच नॉर्डलँडर यांनी १९५३ मध्ये शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडतो हे मांडलं. म्हणजे मी जन्मायच्या आधी, आई परकर-पोलक्यात हिंडत असताना, उपाय सापडलेला होता. पण मग वाट बदलली. १९८२ मध्ये अकपिनार या तुर्की डॉक्टरांनी मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं त्या लेव्होडोपा या औषधाचा गुण दाखवला, आणि पुढे रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल या डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांना अमेरिकेत २००५ आणि २००६ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. लोह मागे पडलं. गोळी घ्या, त्याच रात्री झोपा. कुणाला मोह होणार नाही?

माझ्या मुंबईच्या मामांनी ती गोळी बरीच वर्षं घेतली. सुरुवातीला ते फोनवर आनंदाने सांगायचे की जन्मात पहिल्यांदा नाटक शेवटपर्यंत बसून पाहिलं. मग हळूहळू चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. रात्री दहाचा त्रास संध्याकाळी सहाला, मग चारला सुरू होऊ लागला. पायांतून हातांत आला. डोस वाढवला की थोडे दिवस बरं, मग आधीपेक्षा वाईट. याला ऑगमेंटेशन म्हणतात, म्हणजे औषधच आजाराला खतपाणी घालतं. शिवाय याच गोळ्यांनी काही माणसांचा स्वतःच्या इच्छांवरचा ताबा सुटतो. कुणी जुगारात पैसे उडवतं, कुणी खरेदीत. आयुष्यभर काटकसरीने राहिलेल्या मामांच्या घरी न लागणाऱ्या वस्तूंचे खोके येऊ लागले आणि मामी गप्प गप्प झाली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला फार उशीर लागला. ती गोळी एकदम थांबवताही येत नाही, पायांचा उठाव असह्य होतो. डॉक्टरांच्या नजरेखाली थेंबाथेंबाने उतरवावी लागते. मामांचे ते महिने फार वाईट गेले. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली, त्यात या डोपामिनच्या गोळ्या सरसकट वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय, आणि फेरिटिन कमी असणाऱ्यांसाठी शिरेतून लोह, तसंच गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन ही नसा शांत करणारी औषधं पुढे आणलीत. सत्तर वर्षांचा फेरा मारून वैद्यक पुन्हा लोहाच्या दारात आलं. मला याचा आनंद होतो आणि त्याच वेळी त्या मधल्या वर्षांचा हिशेब कुणाकडे मागावा ते कळत नाही.

मला आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर, एकाआड एक दिवस. क जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं, आणि रोज भरपूर घेण्यापेक्षा एक दिवस सोडून घेतलेली गोळी आतडी जास्त चांगली स्वीकारतात. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांपासून तास-दोन तास लांब. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, तोंडाला धातूची चव राहते. आणि लगेच काही होत नाही. कोठार भरायला महिने लागतात, आणि बायका सोडतात त्या याच टप्प्यावर. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत किंवा आतडी लोह घेत नाहीत, त्यांना फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध शिरेतून देतात. ते दवाखान्यातच, थोडा वेळ लक्ष ठेवून. त्याचाही गुण यायला काही आठवडे लागतात. पण तपासणीशिवाय लोह कुणी घेऊ नये, अंगात ते जास्त साठलं तर यकृताला, हृदयाला घातक होतं. आणि लोह कुठून जातंय हेही शोधलं पाहिजे. जास्त जाणारी पाळी, मूळव्याध, आणि आपल्याकडे अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पायांतून शिरून आतड्यात रक्त पिणारे अंकुशकृमी. भोक राहिलं तर घडा किती भरणार? आईच्या अनवाणी पायांचा विचार मी आता वेगळ्या तऱ्हेने करते. आहारात लाल माठ, नाचणी असावीच, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, पण रिकामं झालेलं कोठार नुसत्या ताटातून भरत नाही, हेही मी अनुभवलंय.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारली होती, जी मला फार मोलाची वाटते. सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता, सगळ्या पिशवीसकट दाखवा. पावसाळ्यात कोकणात सर्दी, खाज, ॲलर्जी घरोघरी. मेडिकलमधून आणलेल्या, झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या या पायांना चेतवतात. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड चेतवतं. त्याऐवजी डोमपेरिडोन किंवा ऑनडान्सेट्रॉन चालतं, म्हणून ऑपरेशनला जाण्याआधी हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवावं. नैराश्यावरची बरीच औषधं काहींच्या पायांना उठवतात. झोप लागत नाही म्हणून दिलेली अमिट्रिप्टिलिनही. म्हणजे कितीतरी जणांच्या बाबतीत पहिला उपचार नवी गोळी देण्याचा नसून चालू असलेली एखादी डॉक्टरांशी बोलून बदलण्याचा असतो. दारू, संध्याकाळनंतरची कॉफी, तंबाखू हेही पायांना चेतवतात. आमच्या वाडीत मिश्री लावल्याशिवाय झोप येत नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाकुणाचे पाय रात्री चालतात, ते मी आता विचारायला लागले आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यांना, डायलिसिसवर असलेल्यांना हा त्रास फार असतो आणि त्यांना तर तिथे तासन्‌तास पडूनच राहावं लागतं. ती अवस्था मला कल्पनेतही सहन होत नाही.

लोहाने माझा बराचसा त्रास उतरला, सगळा नाही. उरलेल्यासाठी रात्री गॅबापेंटिनची छोटी मात्रा आहे. ते मूळचं फिट्सचं औषध. नसांचा उद्रेक शांत करतं, झोपही खोल करतं. पहिल्या काही रात्रींनंतर सकाळी डोकं जड असायचं, चालताना तोल जातोय असं वाटायचं. वयस्कांना याने पडण्याची भीती असते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. प्रिगॅबालिनने काहींचं वजन वाढतं, पाय सुजतात. कशानेच भागत नाही अशा थोड्या रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर अगदी कमी मात्रेत अफूवर्गातली औषधंही देतात, आणि पोटरीच्या वरच्या नसेला बाहेरून विजेची सौम्य चेतना देणारं उपकरणही आता निघालंय. ते आपल्याकडे तालुक्याच्या गावी कधी पोचेल ते पोचो. मॅग्नेशियमच्या गोळ्या, पायांत बांधायचे तांब्याचे कडे, अंथरुणात साबणाची वडी ठेवणं, असं पुष्कळ काही लोक आपुलकीने सांगतात. मी कुणाच्या आपुलकीचा अपमान करत नाही, पण फेरिटिनची तपासणी आधी करा एवढं मात्र आग्रहाने म्हणते.

रोज रात्री ती कॅप्सूल हातावर घेताना मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक, आता मी झोपणार. परवा कोकणकन्येने मुंबईला गेले तर रात्रभर बर्थवर आडवी होते. पूर्वी रोहा मागे पडेपर्यंत दाराजवळच्या बोळात उभी असायचे, बोगद्यांमागून बोगदे जाताना, एकेक पाय उचलून ठेवत, आणि टीसीला वाटायचं हिला जागा मिळाली नाही. आणि दुसरी गोष्ट, हे पुरं बरं होणारं नाही. हे सांभाळून न्यायचं आहे. फेरिटिन पुन्हा तपासत राहायचं, मात्रा वाढवायचा मोह टाळायचा, दशावताराला जायचं तर कडेला, खांबाजवळ जागा धरायची. मला ते मान्य आहे. फक्त रात्री कधी जाग आली आणि खळ्यात शांतता असली की ती शांतता अंगावर येते.

त्या जत्रेतल्या बाईला मी तिथेच, खाज्याच्या पुडीच्या कागदावर, 'फेरिटिन' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. तिला पाळी जाताना वर्षभर फार रक्त गेलं होतं, हे तिने चहा पिता पिता सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरांना पायांच्या आधी हे सांग. ती म्हणाली, "पायांचा नि त्याचा काय?" मी जमेल तसं समजावलं. ती ऐकत ऐकत येरझाऱ्या घालत होती, मीही तिच्या बरोबरीने चालत होते, आणि टपरीवाल्याने काही न विचारता दोघींसाठी पुन्हा चहा ओतला होता. जाताना तिने कागद ब्लाउजमध्ये नीट घडी करून ठेवला. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. तिचं गाव ठाऊक आहे, आणि शिमग्याला मी तिकडे जाणार आहे.

दरम्यान माझी भाची, सातव्या महिन्यात, माहेरपणाला आली आहे. तिसऱ्या रात्री ती स्वयंपाकघरात उभी दिसली, एक हात ओट्यावर, पाय आलटून पालटून उचलत. तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, पोटुशीपणात सगळ्यांनाच होतं, बाळ झालं की जातं. त्यात तथ्य आहे. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास थोड्या आठवड्यांत ओसरतो. पण तोवर तिने का जागायचं? गरोदरपणात यातली बरीच औषधं टाळावी लागतात, तेव्हा लोहावरच सगळी भिस्त असते, आणि गोळ्यांनी भागलं नाही तर पहिले तीन महिने उलटल्यावर शिरेतूनही देता येतं. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्यांचं पाकीट तिच्या पिशवीत होतंच, ती त्या संध्याकाळच्या चहाबरोबर घेत होती. काल सकाळी आम्ही दोघी कुडाळला जाऊन रक्त देऊन आलो. चिठ्ठीवर हिमोग्लोबिनच्या खाली फेरिटिन लिहून घेतलं, ते लिहायला डॉक्टरीणबाईंनी एका शब्दाचीही खळखळ केली नाही. रिपोर्ट उद्या येईल.

येताना रिक्षात तिने विचारलं, "मावशी, कमी निघालं तर चहा अगदीच सोडायचा का?"

म्हटलं, "सोडू नको. गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा नंतर तास-दोन तासांनी. आणि रात्री पाय उठले की मला उठव, मी पण येते खळ्यात."